दारावरचं कडं

११ डिसेंबर

चि. धाकट्या,

फोनवर तू "हो ताई, बरं ताई" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. कागदापुढे तुझं हो-हो चालत नाही.

नाताळचं पार्सल आज टाकलंय. आल्या दिवशी उघड, नाहीतर पानं घामेजतील आणि वर्षाची मेहनत बुरशीला जाईल. आई यंदा पहिल्यांदाच तुझ्या घरी नाताळ करतेय, तेव्हा या पानांचं गोल कडं तुझ्या दारावर लागणार. तुझ्या बायकोला ते नुसती सजावट वाटतं हे मला ठाऊक आहे. तिला पुढचं वाचून दाखव.

रोझमेरीच्या काड्या केसांना आणि जड झालेल्या डोक्याला. तमालपत्राच्या डहाळ्या खोकल्याच्या काढ्याला, दालचिनीबरोबर. पुदिना पोटाला. लवंगांची माळ दाढेला. संत्र्याच्या चकत्या साल काढून टाकू नयेत, साल हेच औषध आहे. पुरचुंडीत ऊद आणि बोळ आहेत. ऊद धुरीला, बोळ हिरड्यांना. आई दरवर्षी सांगायची ते आठवतं ना? बाळ येशूला बघायला तीन शहाणे आले, त्यातले दोघे औषध घेऊन आले. सोनं आणणारा तेवढा बिनकामाचा.

कडं आईनंच बांधायचं. तुम्ही कुणी मध्ये हात घालायचा नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते दारावर चढतं आणि मग थंडीभर ज्याला जे दुखेल त्यानं ते दारावरून तोडून घ्यायचं. मार्चपर्यंत नुसती वेलाची रिंग उरते. जे पान पोटात घालता येत नाही ते आपल्या दारावर लागत नाही, हा आईचा नियम. दुकानातली ती लाल फळंबिळं आपल्याकडे कधी आली नाहीत ती त्यासाठीच.

आईच्या एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण त्याची काळजी करू नकोस. ती पान चुरगाळून हुंगते. तिचं नाक डोळ्यांपेक्षा खरं आहे.

तुझी,
ताई

१८ डिसेंबर

ती. ताई,

नमस्कार. पार्सल मिळालं, काळजी नसावी.

सध्या कामाची धांदल आहे. नाताळच्या आधी सगळ्यांनाच आपली घरं सजवून हवी असतात, आणि सजवणारा मी एकटा. चोवीस तारखेला माझी बडी गिऱ्हाइकं घरी येणार आहेत. सजावटकाराचंच दार भकास दिसलं तर उद्या मला कोण काम देईल? तुझ्या रोपवाटिकेत माती लागलेली चालते, इथे चालत नाही. हिला धुळीची अॅलर्जी आहे, हेही तुला माहीत आहे. तरी सगळं व्यवस्थित होईल. कडं दारावर लागेल, आईही खूश राहील.

एक सांगायचं होतं. आई हल्ली फार विसरते. परवा गॅसवर दूध ठेवून अंघोळीला गेली. मला दोनदा बाबांच्या नावानं हाक मारली. मी काही तक्रार करत नाहीये. तुला अंदाज असावा म्हणून लिहिलं.

तुझा,
धाकटा

२२ डिसेंबर

धाकट्या,

दूध ठेवून अंघोळीला गेली म्हणे. तू स्वतः साखरपुड्याची अंगठी बेसिनवर विसरून आला होतास, तेव्हा तुला कुणी वेडा ठरवलं होतं? बाबांच्या नावानं हाक मारली, कारण तू दिवसेंदिवस त्यांच्यासारखाच बोलायला लागलायस. लागेल, होईल, राहील. झालंय काय ते सांग. पार्सल उघडलं का? आईनं कडं बांधायला घेतलं का? दोन शब्दांत उत्तर येतं याचं, आणि तू दोन पानं लिहिलीस.

चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं बांधून दिलीत तिनं. डॉक्टर चुकले तर ती चिठ्ठी परत पाठवायची. तिच्याबद्दल लिहिताना जरा जपून लिही.

ताई

३१ डिसेंबर

ती. ताई,

घाबरू नकोस, आई आता धोक्याबाहेर आहे. तुला फोनवर सांगायचा धीर झाला नाही.

सव्वीस तारखेला सकाळी तिला खोकला येत होता. आम्ही उठायच्या आत तिनं दारावरच्या कड्याची पानं तोडली आणि काढा करून प्यायली. तासाभरात उलट्या सुरू झाल्या. हातपाय गार पडले, नाडी मंदावत गेली. चार दिवस तिला अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. पातेल्यात उरलेलं पान मी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ही कण्हेर आहे, थोडी आणखी पोटात गेली असती तर हातात काही राहिलं नसतं.

आता ती कण्हेर कड्यात कशी आली, यावर मला वाद घालायचा नाही. तुझ्या पार्सलमधून आली असेल असं मी म्हणत नाही. आमच्या इमारतीच्या कुंपणाला कण्हेर आहे, आई संध्याकाळी तिथे फिरायला जाते. कड्यात खोचायला तिनं तिथली डहाळी आणली असणार. शुद्धीवर आल्यावर तिनं मला विचारलं, मी कसलं पान घेतलं? मी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याकडून चूक झाली." तिनंच कबूल केलंय.

ताई, हे असं पुन्हा झालं तर? आम्ही दोघंही दिवसभर बाहेर असतो. एक चांगला वृद्धाश्रम पाहिलाय, तिथे नर्स चोवीस तास असते. त्यांना सगळ्या मुलांची संमती लागते. फॉर्म सोबत जोडलाय, खाली फुलीच्या जागी सही कर. उशीर केलास तर जागा जाईल.

तुझा,
धाकटा

४ जानेवारी

धाकट्या,

पत्र वाचलं आणि तशीच उठून शेताच्या कडेला गेले. माझ्याही कुंपणाला कण्हेर आहे, लपवत नाही. गुरं आत शिरू नयेत म्हणून लावलीय. कुंपणापासून सुकवणीच्या खोलीपर्यंत पावलं मोजली, दोनशे दहा झाली. मग खोलीतले सगळे ट्रे उपसले. सगळे. मजूर बायका बघत राहिल्या. कण्हेरीचा एक तुकडा सापडला नाही. सापडणारही नव्हता. तुला पाठवलेलं प्रत्येक पान मी स्वतः पुसून, हुंगून बांधलं होतं. माझ्याकडून वैद्य माल नेतात, औषधाच्या कंपन्या नेतात. आजवर कुणी एक काडी परत पाठवलेली नाही.

म्हणजे माझ्या हातून झालेलं नाही. मग राहिलं कोण?

मला तिचा इतका राग आलाय की हात थरथरतोय, अक्षर वेडंवाकडं येतंय. पान हुंगल्याशिवाय हातात धरू नये, हे मला चापट मारून कुणी शिकवलं? तिनंच. मी सात वर्षांची होते. आणि आता ही बाई कुंपणाची कण्हेर आणून दारावर खोचते, वर तिचा काढा करून पिते? तिचं नाक कुठे गेलं होतं? माझ्या नावाचा तरी विचार केला का तिनं? उद्या ही बातमी बाहेर पसरली तर लोक म्हणणार, हिच्या पानांनी हिच्याच आईला विष चढलं. तेव्हा मी कुणाकुणाचं तोंड धरायला जाऊ?

सही केलीय. फॉर्म परत पाठवतेय. तिला सांग की मी लिहीन, पण आत्ता नाही. आत्ता लिहिलं तर वाईट लिहीन.

ताई

११ जानेवारी

ती. ताई,

फॉर्म मिळाला. मनावरचं ओझं उतरलं बघ.

आईला परवा तिकडे सोडून आलो. आपली पिशवी तिनंच भरली. चार कपडे, चष्मा, डोळ्यात घालायचे थेंब. खोलीत आणखी दोघी आहेत, खिडकी तिच्याच बाजूला आहे. सही करण्याआधी फॉर्म मात्र तिनं शेवटपर्यंत वाचला. तुझ्या सहीवर जरा वेळ बोट ठेवून बसली होती.

तू रागावू नकोस तिच्यावर. वयाचा दोष आहे, तिचा नाही. तुझ्या कामाला काही डाग लागणार नाही, मी कुणाला बोललेलो नाही. कडं तर त्याच दिवशी फेकून दिलं. त्याची ती चंदेरी भुकटी अजून पायपुसण्यातून निघतेय, ही रोज झाडून वैतागली आहे. चला, एकदाचं संपलं सगळं.

तुझा,
धाकटा

१५ जानेवारी

भावजयबाई,

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावानं तुझ्या ऑफिसात पाठवतेय. नवऱ्याला दाखवायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

मला एवढंच सांग, कसली चंदेरी भुकटी? माझ्या पार्सलात पानं होती, काड्या होत्या, सालं होती. चकाकेल असं त्यात काही नव्हतं. आई तर दारावर साधी रिबीनही बांधू द्यायची नाही. मग तुमच्या दारावर जे लटकत होतं ते काय होतं? आणि माझं पार्सल कुठे आहे?

आपल्या दोघींचं कधी फारसं जमलं नाही. तुला माझं बोलणं बोचतं, मला तुझं गप्प बसणं. पण तू खोटं बोलतेस असं मी आजवर कुणापाशी म्हटलेलं नाही. माझ्यावर ती वेळ आणू नकोस.

ताई

१९ जानेवारी

ती. ताई,

तुमचं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. आज डब्याच्या सुट्टीत लिहायला घेतलं.

तुमचं पार्सल माळ्यावर आहे. न उघडलेलं. मीच वर टाकायला सांगितलं होतं, धुळीमुळे. हा दोष माझा आहे.

दारावर जे कडं होतं ते ह्यांनी त्यांच्या सजावटीचं सामान पुरवणाऱ्याकडून आणलं होतं. तमालपत्रासारखी सुकी लांबट पानं, त्यांवर चंदेरी रंगाचे शिंतोडे, आणि वरून कसलासा फवारा मारलेला. नाताळचा वास म्हणून तो बाटलीत मिळतो. लवंग आणि दालचिनीचा. दार उघडलं की घरभर दरवळायचा, पाहुण्यांनी फार कौतुक केलं. पानं कसली आहेत ते आम्ही विचारलं नाही. शोभेची वस्तू कोण खाणार?

आईंनी विचारलं होतं, ताईंचं पार्सल आलं का, मला बांधायला का दिलं नाही? हे म्हणाले, "तुझ्या डोळ्यांना ताण नको म्हणून मी माणसाकडून बांधून घेतलं. पानं ताईचीच आहेत." आई दारापाशी गेल्या, त्यांच्या अधू नजरेला तो चंदेरी रंग दिसला नाही, एक पान चुरगाळलं, नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "लवंग जास्त झालीय." एवढंच. मी तिथेच उभी होते. तेव्हा बोलले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्या कधी कुंपणापाशी गेल्या नाहीत. थंडी पडल्यापासून त्या खालीसुद्धा उतरल्या नव्हत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी कण्हेर म्हटल्याबरोबर ह्यांनी त्या सामानवाल्याला फोन केला. तो म्हणाला, हो, तीच पानं वापरतो, वाळली तरी आकार सोडत नाहीत. त्यानंतर ह्यांनी आईंना कुंपणाचं सांगितलं. मी ह्यांना म्हटलं, असं करू नका. तर म्हणाले, ताईला कळलं तर ती जन्मभर माझ्या डोक्यावर बसेल. आईला काय, तिच्या उद्या लक्षातही राहणार नाही.

पण आईंच्या सगळं लक्षात राहतं. वृद्धाश्रमात त्या डॉक्टरांना रोज विचारतात, माझी बुद्धी किती गेलीय ते तपासायचं काही मशीन आहे का?

मी तोंड मिटून बसले. तुम्हाला माझं गप्प बसणं बोचतं म्हणालात, आता मलाही बोचतंय.

आपली,
भावजय

२२ जानेवारी

धाकट्या,

बायकोवर आवाज चढवू नकोस. तुमच्या घरात कणा असलेलं माणूस तिच्याच रूपानं शिल्लक आहे, तोही उशिरा सापडला.

फवारा मारलेलं विष दारावर टांगलंस, हे मी समजू शकते. तुला माहीत नव्हतं. गिऱ्हाइकांपुढे नाक वर राहावं म्हणून आईच्या पानांना माळा दाखवलास, तेही तुझ्या स्वभावाला धरून झालं. पण ती मरणाच्या दारातून परत आली आणि तिनं तुला विचारलं, मी कसलं पान घेतलं? आणि तू तिच्या तोंडावर सांगितलंस की कुंपणावरचं. तुला तिथे, त्या नळ्यांच्या शेजारी उभं राहून हे सुचलं कसं? सुचलं ते सुचलं, जीभ कशी रेटली? तिला आयुष्यात एका गोष्टीचा अभिमान होता, की तिच्या हातून कधी चुकीची पुडी गेली नाही. तेवढंच तिच्याकडे होतं. तेच काढून घेतलंस आणि वर मला लिहितोस, मनावरचं ओझं उतरलं.

ताई डोक्यावर बसेल म्हणे. बसणारच आहे. तुझ्या प्रत्येक नाताळाला बसणार आहे.

मला फसवून माझी सही घेतलीस, ती मी रद्द करतेय. वृद्धाश्रमाला तसं कळवलंय. भावजयीच्या पत्राची नक्कल आईला पाठवली आहे आणि सोबत लिहिलंय की तुझं डोकं पूर्ण ठिकाणावर आहे, चूक तुझी नव्हतीच. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी रोपवाटिकेचा टेंपो घेऊन येतेय. तिला माझ्याकडे नेणार. तू मध्ये येऊ नकोस, आलास तर सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं बोलेन.

ताई

२७ जानेवारी

दोघांनाही,

एकच पत्र दोनदा लिहून दोघांना पाठवतेय. वेगवेगळं लिहिलं तर पुन्हा कुणाला काय सांगितलं ते लपवायला तुम्हाला जागा मिळेल.

सुनेचं पत्र वाचलं. चार वेळा वाचलं. वास बाटलीतला होता, हे कळल्यावर मी पलंगावर बसून मोठ्यानं हसले. शेजारची बाई घाबरली. एक महिना मी रोज सकाळी उठल्या उठल्या स्वतःची परीक्षा घेत होते. दवाखान्यातल्या फळीवरच्या बाटल्या डावीकडून उजवीकडे म्हणायच्या, मग उजवीकडून डावीकडे. एकही चुकली नाही तरी विश्वास बसत नव्हता. म्हटलं, कण्हेर ओळखली नाही, तर या बाटल्यांचं तरी काय खरं? चुकतेय आणि चुकतेय हेच कळत नाही, असं तर नसेल? अशा महिन्याची तुम्हाला कल्पना नाही.

धाकट्या, त्या पानाचं मी तुला माफ केलं. माणसाला अज्ञान असतं. पण आईला वेडी ठरवलं की आपली सुटका होते, हे तुला अज्ञानानं सुचलेलं नाही. मी तुला लहानपणी मारायला हवं होतं ते राहून गेलं. शेंडेफळ म्हणून सोडलं. तुला भेटायची मला सध्या इच्छा नाही. होईल तेव्हा कळवीन. सुनेला मात्र पाठव, तिनं लिहिलं म्हणून मी आज जागेवर आहे. माळ्यावरचं पार्सल तिच्याबरोबर दे.

आणि ताई, तू. तुझ्या रागाचं कौतुक मला सांगू नकोस. त्यानं तुला फसवलं, खरं आहे. पण तुझं चार जानेवारीचं पत्रही त्यानं मला वाचायला दिलं होतं. मी शांतपणे जावं म्हणून. तू कुंपणापर्यंत पावलं मोजलीस, ट्रे उपसलेस, तुझी पानं निर्दोष ठरवलीस आणि उरलेलं बोट माझ्याकडे केलंस. मला एक फोन केला नाहीस. आई, काय झालं गं, एवढंसुद्धा नाही. दोनशे दहा पावलं चाललीस, माझ्यापर्यंत आली नाहीस. त्यानं खोटं सांगितलं, आणि तुला ते खरं मानायला एक दुपार पुरली. फॉर्मवरची सही तुझ्याच वळणाची होती, हात थरथरल्याचं मला त्यात कुठे दिसलं नाही.

आता माझं डोकं ठिकाणावर आहे असं ठरलं, म्हणून टेंपो घेऊन येतेस. रविवारी भेटायला ये. टेंपो रिकामा घेऊन जा. इथे जेवण वेळेवर मिळतं आणि खोलीतल्या दोघींपैकी एकीला रात्री माझी गरज लागते. तिला स्वतःचं नाव आठवत नाही. तिची मुलं दर रविवारी येतात, नाव सांगतात आणि केस विंचरून जातात. मी बघत बसते.

मला एकच विचारायचंय. माझं डोकं खरंच गेलं असतं, ती कण्हेर मीच आणली असती, तर तुमच्यापैकी मला न्यायला कोण आलं असतं? उत्तर लेखी पाठवा. एकमेकांचं बघून लिहू नका.

आई